गुलछबूचा डावा डोळा

पडदा वर जातो.

माडीवरची एक लांबोडकी खोली. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम ओल्या कापडाचा आणि गंजाचा वास. वर आलं की तो दाराशीच थांबायचा आणि डिंकाचा, रंगाचा, साबणाच्या गरम पाण्याचा वास पुढे यायचा. खिडक्यांना लागून टेबलं. खोलीत आरपार दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर कपडे वाळत घालावेत तशी चिमट्यांनी लटकवलेली पारदर्शक पानं. प्रत्येक पानावर एक गाढव. या टोकाच्या गाढवाचा पाय जमिनीवर, त्या टोकाच्या गाढवाचा पाय हवेत. वाऱ्याची झुळूक आली की सगळी ओळ चालायला लागल्यासारखी हलायची. मागे मोरी, मोरीत मोठं घमेलं, शेजारी स्टोव्ह. आणि अगदी शेवटच्या खिडकीशी, आपल्याकडे पाठ करून, एक मुलगी बसलेली. हातात पांढरे सुती मोजे. कुंचला धरायला अंगठा आणि दोन बोटं तेवढी कापून मोकळी केलेली.

उजेड तिच्यावर येऊ द्या. गोष्ट तिची आहे.

तिला सगळे टापटीप म्हणत. नाव ठेवलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे त्या खोलीचे मालक, चित्रकार, दिग्दर्शक आणि वेळ पडली तर झाडूवालेसुद्धा. मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी दाखवायची छोटे व्यंगचित्रपट ते तिथे बनवायचे. त्यांचा नायक होता दुधाची गाडी ओढणारं एक गाढव, गळ्यात ठिपक्यांचा बो, नाव गुलछबू. आणि त्या गाढवाचा आवाज म्हणजे अस्मादिक. रंगभूमीवर मी राजे केले, सेनापती केले, एकदा तर देवही केला. पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते मला गाढव म्हणूनच. माझी बायको म्हणायची, "लोकांना खरं काय ते बरोबर कळतं."

आज ती चित्रं कुणी पाहिली नसतील म्हणून सांगतो, काय गंमत होती त्यांत! कुणालाच कोपर नाही, गुडघा नाही. हातपाय म्हणजे पाण्याच्या नळ्या. वाजंत्री सुरू झाली की रस्त्यावरचे दिव्याचे खांब कमरेत वाकून नाचायचे, किटली गुणगुणायची, पूल अंग चोरून गुलछबूच्या गाडीला वाट द्यायचा. गुलछबू गच्चीवरून पडला तर इस्त्री केलेल्या रुमालासारखा सपाट व्हायचा, मग कडेनं स्वतःला उचलून, झटकून, पुढे चालू लागायचा. त्या जगात कुणाला काही लागत नव्हतं. कुणाचं काही जात नव्हतं. माणसं चित्रपटाला उशिरा येत, पण गाढव चुकवत नसत.

आणि ते सगळं बनायचं कसं? मास्तर कागदावर चित्र काढायचे. ते शाईनं पारदर्शक पानावर गिरवलं जायचं. मग पान उलटं करून पाठीमागून रंग भरायचा, म्हणजे समोरची रेघ स्वच्छ राहते. अंग कुणीही रंगवायचं, पण डोळे टापटीपकडे. डोळ्याचं काम उलटं असतं: आधी काळा ठिपका, तो वाळला की त्याच्यावरून पांढरा थर. हात कणभर चुकला तर गाढव पडद्यावर चकणं होतं. तिचं गाढव कधी चकणं झालं नाही. आधी उजवा डोळा, मग डावा. मग त्या पानावर एक पातळ कागद, त्यावर पुढचं पान. असा तिचा गठ्ठा उभा राहायचा. कडा एका रेघेत.

पानं महाग होती. एक भाग कॅमेऱ्यात उतरला की सगळी पानं मोरीत जायची. गरम पाणी, साबण, मऊ फडकं. गाढव पुसलं जायचं आणि कोरं पान पुन्हा टेबलावर. म्हणजे आठवडाभर जे रंगवायचं तेच धुऊन टाकायचं, आणि ते धुणंही तिच्याकडे, कारण दुसरं कुणी धुतलं की ओरखडे पडायचे.

"तुला वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं. "एवढं जीव ओतून रंगवायचं आणि मग गटारात?"

"स्वयंपाक करणारी भांडी घासताना रडते का रे, नटोबा? सरक, उजेड अडवतोयस."

ती मला नटोबा म्हणायची. खिडकीतला तिचा उजेड अडवायचा नाही, एवढी एकच तिची अट. घरी तिचा मोठा भाऊ, भावजय, भावाची पोरं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेली आई. तिथे तिला बसायला स्वतःचा कोपराही नव्हता. इथे टेबल होतं, खिडकी होती, आणि एक काम होतं जे जगात तिच्याइतकं नीट कुणी करत नव्हतं. माणसाला यापेक्षा जास्त लागतं ते हावरटपणानं लागतं.

आता दुसरा प्रवेश. तारीख गळ्याशी आली होती. चित्रपटगृहाला नवं गाढव द्यायचं होतं आणि शेवटची पानं अजून टेबलावरच होती. दुधाचे हंडे रस्त्यावर सांडलेत, मालक संतापून निघून गेलाय, आणि गुलछबू मान वळवून प्रेक्षकांकडे केविलवाणं बघतो, एवढाच तो भाग. मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"झालं का?"

"रंगवून झालं. वाळायचंय."

"कॅमेऱ्याखालच्या दिव्यांनी वाळेल."

"मास्तर, डावे डोळे अगदी आत्ताचे आहेत. गठ्ठा दाबू नका."

मास्तरांनी गठ्ठा उचलला, बगलेत मारला आणि ते कॅमेऱ्याच्या खोलीत गेले. तिकडे फोटो निघत होते, इकडे वापरून झालेली पानं परत येत होती. पुढच्या कामाला कोरी पानं हवीत म्हणून मास्तरांनी आतूनच ओरडून सांगितलं, लगेच धुवायला घे. एरवी फिल्म धुऊन आली, नीट आहे असं दिसलं, की मगच पानं मोरीत जायची. त्या दिवशी तो नियम मोडला. आणि टापटीप ती टापटीपच: पानांमधले पातळ कागद खोलीभर उडत होते, ते तिनं गोळा केले, चुरगळले आणि पाण्याचा स्टोव्ह पेटवताना जाळून टाकले. काही कागदांवर पांढरे ठिपके होते. तिला वाटलं, कुंचला ठिबकला असेल.

फिल्म आली. मास्तरांनी भिंतीवर लावली. गुलछबू मान वळवून आमच्याकडे बघतो, आणि त्याचा डावा डोळा नाहीसा होतो. डोळ्याच्या गोलातून नुसता मागच्या रस्त्याचा तपकिरी रंग दिसतो, गाढवाच्या अंगासारखाच, पापणी मिटावी तसा. क्षणभर. मग डोळा परत येतो.

मास्तरांनी दिवा लावला. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पुन्हा करायला ना वेळ होता ना फिल्म.

"डोळा सोडलास तू."

"नाही सोडला," टापटीप म्हणाली. "मी रंगवलाय."

"मग गेला कुठे? चरायला गेला?"

तिच्या डोक्यात ते ठिपके आले असणार, कारण तिचा हात आपोआप तोंडाशी गेला. "ओला होता, मास्तर. काळ्या ठिपक्यासकट कागदाला चिकटून निघाला. मी सांगितलं होतं, दाबू नका. कागदावर ठिपके होते, मी पाहिले."

"दाखव."

"जाळले."

"पान दाखव."

"धुतलं. तुम्हीच सांगितलंत."

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणतो. पण घाबरलेला माणूस वाईट माणसापेक्षा फार वेगळा वागत नाही. "चूक झाली म्हण, विषय संपला. आणि वर मलाच शिकवतेस? उद्यापासून येऊ नकोस."

तिनं मोजे काढले, घडी केली, टेबलावर ठेवले आणि जिना उतरून गेली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाजही नीट, एकसारखा.

पुढचं सगळ्या शहराला माहीत आहे. गुलछबू मान वळवतो, गरीब चेहरा करतो, आणि लोकांकडे बघून डोळा मिचकावतो! चित्रपटगृहात आधी एक जण हसला, मग रांग हसली, मग छप्पर उडायची वेळ आली. सांडलेलं दूध, रागावलेला मालक, सगळं जग उलटं झालंय आणि हे बेटं तुम्हाला डोळा घालून सांगतंय, "आपलं आपल्याला ठाऊक!" लोक दुसऱ्या खेळाला पुन्हा आले. मग प्रत्येक नव्या चित्रात मिचकावणी आली. डोळा मिटलेल्या गाढवाचे फुगे आले, बिल्ले आले. दुकानदार सुटे देताना गिऱ्हाइकाला डोळा घालू लागले. वर्तमानपत्रवाल्यानं मास्तरांना विचारलं, हे सुचलं कसं? मास्तर म्हणाले, "असंच. हात वळला."

आणि टापटीप कुठे होती? रंगकामाच्या दुसऱ्या दोन ठिकाणी गेली होती. धंदा लहान, तोंडं मोठी. "डोळा सोडणारी ना?" म्हणून दोन्हीकडून परत आली. शेवटी एका फोटोच्या दुकानात लागली. घोळक्याच्या फोटोत कुणाचे तरी डोळे हमखास मिटलेले असतात. त्यांवर बारीक कुंचल्यानं उघडे डोळे काढायचे, हे तिचं काम. मालक तिला दुकानाच्या मागे, बल्बखाली बसवायचा. खिडकी नव्हती.

मास्तरांना मन होतं, म्हटलं ना. सहा-आठ महिन्यांनी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिला परत बोलाव रे. तिच्यासारखे डोळे कुणाला जमत नाहीत. फक्त एवढंच म्हणू दे, की डोळा तिच्या हातून राहिला. आपण वर्तमानपत्रात देऊ: एका मुलीची चूक आणि गुलछबूचं नशीब! लोकांना आवडेल. तिचंही नाव होईल."

मी उड्या मारत तिच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत भाऊ मुलाचा अभ्यास घेत होता, भावजय उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. मी निरोप सांगितला, मास्तरांच्या आवाजात, हातवारे करून. भाऊ खूश झाला. टापटीप नाही.

"म्हणजे मी चुकले असं मी म्हणायचं?"

"अगं, पण त्या चुकीची आता पूजा होतेय!"

"मी चुकले नाही."

"हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे..."

"तुला कसं माहीत? पानं उचलली तेव्हा तू होतास तिथे?"

नव्हतो. मी तेव्हा नाटकाच्या तालमीला गेलो होतो. मी तसं म्हणालो.

भाऊ मध्ये पडला. "एकदा म्हण ना चुकले म्हणून. जीभ झिजते काय तुझी? आम्ही कचेरीत दिवसातून दहादा म्हणतो, साहेब चुकलं, साहेब चुकलं. संध्याकाळी घरी येतो, जेवतो, झोपतो."

"तुम्ही चुकत असाल, दादा."

"बघा!" भावजय उंबऱ्यातून म्हणाली. "राणीसाहेब! पोरं आत्याला डोळा मारतात तर पाठीत धपाटा घालते. आम्ही म्हणतो, हिच्यामुळे गाढव गाजलं, आणि ही तोंड एवढंसं करून बसते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

टापटीपनं तिच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "हे बघ नटोबा. माझ्याकडे रूप नाही, शिक्षण नाही, नवरा नाही. एक काम येतं. ते मी नीट केलं. ते नीट केलं नव्हतं असं मीच सांगितलं, तर उरलं काय माझ्याकडे? मास्तरांना सांग, मी उद्या येते. आज म्हणाल तर आत्ता येते. त्यांनी फक्त म्हणायचं, की पानं ओली उचलली. वर्तमानपत्रात नको. त्या खोलीत, सगळ्यांसमोर. बस्स."

मी परत जाऊन मास्तरांना सांगितलं. मास्तर खिन्न हसले. "ओली होती? रंगवलेलाच नव्हता डोळा! मी कशाला खोटं बोलू? हट्टी आहे झालं." आणि हेच खरं दुःख, बघा. मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. लबाड माणसाला कधीतरी पाझर फुटतो. प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसाला कुठून फुटणार?

खिडकीशी दुसरी मुलगी बसली. टापटीप बल्बखाली अनोळखी माणसांचे डोळे उघडत राहिली. वर्षं गेली. मला ती बाजारात भेटायची. पाठ वाकली, चष्मा जाड झाला, बोलणं आंबट झालं. कुणाच्या तरी लग्नाचा फोटो तिनं दुरुस्त केला आणि त्या बाई कौतुक करायला लागल्या तर म्हणाली, "नवऱ्याचे डोळे मी उघडून दिलेत. घरी गेल्यावर पुन्हा मिटतील." एकदा मला म्हणाली, "लोक म्हणतात, वेळ सगळं धुऊन टाकते. मी जन्मभर धुतलंय. जातो तो चांगला डाग. वाईट तेवढा राहतो."

मग चित्रांचा जमाना बदलला, मास्तरांची खोली बंद झाली. आणि अचानक, आम्ही सगळे म्हातारे झाल्यावर, गुलछबूची जुनी फिल्म कुठल्या तरी गोदामात सापडली. ती साफसूफ करून मास्तरांच्या सत्काराला दाखवायचं ठरलं, त्याच जुन्या चित्रपटगृहात. मास्तरांचा मला फोन आला. "टापटीपला घेऊन ये. माझे फार दिवस उरले नाहीत. त्या दिवसाचं जे राहिलंय ते मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

मी तसंच्या तसं तिला सांगितलं. ती भावाच्या मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहत होती. कुंचला सुटला होता, हात थरथरायचे.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"जे राहिलंय ते, असं म्हणाले? हेच शब्द?"

"हेच शब्द."

ती उठली, आणि भाचेसुनेकडे इस्त्री मागितली.

चित्रपटगृह भरलेलं होतं. आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. दिवे गेले, वाजंत्री सुरू झाली, दिव्याचे खांब वाकले, पुलानं अंग चोरलं. माझंच तरुणपणीचं रेकणं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वळून टापटीपकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. हात मांडीवर ठेवून, शाळेत बसावं तशी, वाट बघत होती. दुधाचे हंडे सांडले, मालक गेला, गुलछबूनं मान वळवली आणि डोळा मिचकावला. लोक उभे राहिले. तेच हसू, तितकंच जोरात. काय जादू होती त्या चित्रात, अजूनही!

मग मास्तर मंचावर आले, दोघांच्या आधारानं. ते म्हणाले, "आज एक कर्ज फेडायचंय. ही मिचकावणी मला सुचली असं मी जन्मभर सांगितलं. ते खोटं आहे." माझ्या शेजारी टापटीप ताठ झाली. "ती एका मुलीच्या हातून झालेली चूक होती. डोळा रंगवायचा राहिला. मी तिला रागानं काढून टाकलं. पण जगात इतकी सुंदर चूक कुणी केली नसेल! ती आज इथे आहे. ये, बाळ, वर ये!"

टाळ्यांचा पाऊस पडला. तिला कुणी कुणी हात देऊन वर नेलं, फुलं दिली, हातात माईक दिला. मास्तर रडत होते. तिनं फुलं खाली ठेवली. माईक तोंडाशी धरला आणि, आवाज अजिबात न चढवता, म्हणाली, "मी डोळा सोडला नव्हता. मी रंगवला होता."

सगळं चित्रपटगृह हसलं. अहो, त्यांना तो विनोद वाटला! म्हातारी काय फिरकी घेते बघा, म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती पुन्हा म्हणाली, "रंगवला होता." आणखी हसले. रंगमंचावर मी अनेक आपटलेले प्रयोग पाहिलेत, पण टाळ्यांच्या कडकडाटात आपटलेला तो एकच.

बाहेर पडताना माणसांनी दुतर्फा वाट करून दिली. आणि जो तो, प्रेमानं, अगदी प्रेमानं, तिच्याकडे बघून डोळा मिचकावत होता. आजोबा मिचकावत होते. बाया मिचकावत होत्या. कडेवरचं एक पोर दोन्ही डोळे मिटत होतं, एक मिटायला जमत नव्हतं म्हणून. टापटीप समोर बघत त्या गर्दीतून चालत गेली.

टॅक्सीत मी बोलत होतो, गप्प बसणं मला कधी जमलं नाही. लोकांचं प्रेम, मास्तरांचे अश्रू, असं काहीबाही. घर आलं. मी तिला दारापर्यंत धरून नेलं. महिन्याभरात ती गेली. मी दौऱ्यावर नव्हतो, आजारी नव्हतो, पण पुन्हा भेटायला माझं धैर्य झालं नाही, त्यामुळे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते दारातलंच.

ती म्हणाली, "एक विचारू? तुला तरी पटतं का, की मी रंगवला होता?"

"हो," मी म्हणालो. छातीवर हात ठेवला. "देवाशपथ, हो."

तिनं माझ्या छातीवरच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तू नट माणूस. तुझं हो घेऊन मी काय करू?"